२२ ऑक्टोबर १८४४: शेवट माहीत नसलेल्या माणसांचा इतिहास कसा वाचायचा?

१८४४ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या हजारो ख्रिस्ती कुटुंबांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मंगळवार, २२ ऑक्टोबरला येशू ख्रिस्त पृथ्वीवर परत येणार आणि हे जग संपणार. काहींनी शेतातलं उभं पीक काढलंच नाही. काहींनी दुकानं बंद केली, देणी फेडली, ज्यांच्याशी वैर होतं त्यांची माफी मागितली. मंगळवार आला आणि गेला. बुधवारी सकाळी सूर्य नेहमीसारखा उगवला.

इतिहासात ही घटना 'मोठी निराशा' या नावाने ओळखली जाते आणि या लोकांना त्यांच्या पुढाऱ्याच्या नावावरून 'मिलराइट' म्हणतात. त्यांच्याबद्दल वाचताना पहिला प्रश्न मनात येतो तो असा, 'लोक इतके भोळे कसे असू शकतात?' रिसर्चच्या दृष्टीने हा प्रश्न कामाचा नाही. त्याचं उत्तर आपण आधीच ठरवलेलं असतं, कारण २३ ऑक्टोबरला काय झालं ते आपल्याला माहीत आहे आणि त्यांना माहीत नव्हतं. जास्त उपयोगी प्रश्न हा, की शेवट जवळ आहे असं मानणाऱ्या माणसाने 'तयार राहणं' म्हणजे नेमकं काय करायचं? आणि त्याने काय केलं हे आपल्याला कोणत्या साधनांतून कळतं? या लेखात आधी घटनाक्रम थोडक्यात बघू आणि मग साधनांकडे वळू. तुमचा विषय धर्माचा इतिहास नसला तरी दुसरा भाग तुमच्या उपयोगाचा आहे.

मिलर आणि त्याचं गणित

विल्यम मिलर (१७८२–१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा शेतकरी. तरुणपणी तो 'डीइस्ट' होता, म्हणजे ईश्वराने सृष्टी निर्माण केली पण तो तिच्यात ढवळाढवळ करत नाही, असं मानणारा. १८१२ च्या युद्धात तो कॅप्टन होता. १८१४ मध्ये प्लॅट्सबर्गच्या लढाईत संख्येने कमी असूनही अमेरिकन सैन्य जिंकलं आणि याचा त्याच्या मनावर खोल परिणाम झाला. १८१६ मध्ये तो पुन्हा श्रद्धेकडे वळला. जुने डीइस्ट मित्र चिडवू लागले, पवित्र शास्त्रातल्या विसंगतींचं काय करणार? तेव्हा त्याने ठरवलं की सगळं शास्त्र पहिल्या वचनापासून क्रमाने वाचायचं.

त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. हाताशी पवित्र शास्त्र आणि क्रूडनची शब्दसूची. कोणता शब्द शास्त्रात कुठे कुठे आला आहे ते अशा सूचीवरून शोधता येतं. एखादं वचन कळलं नाही तर तोच शब्द आलेली बाकीची सगळी वचनं काढायची, ताडून पाहायची आणि अर्थ लागल्याशिवाय पुढे जायचं नाही. साधारण दोन वर्षं हे चाललं. यात स्वप्न नाही, दृष्टान्त नाही, आकाशवाणी नाही. आज आपण ज्याला 'क्लोज रीडिंग' म्हणतो त्याच्या हे बरंच जवळचं आहे.

या वाचनातून त्याने जे गणित मांडलं ते असं. दानीएलच्या पुस्तकात आठव्या अध्यायात २,३०० दिवसांचा उल्लेख आहे. ते संपल्यावर पवित्रस्थान शुद्ध होईल, असं तिथे म्हटलं आहे. भविष्यकथनात एक दिवस म्हणजे एक वर्ष, हे गृहीतक मिलरने वापरलं. ते त्याचं स्वतःचं नव्हतं. त्याच्या आधी अनेक प्रॉटेस्टंट अभ्यासक ते वापरत होते आणि आयझॅक न्यूटन त्यांच्यापैकीच एक. सुरुवातीचं वर्ष मिलरने इ.स.पू. ४५७ धरलं, म्हणजे जेरुसलेमबाबत पर्शियन राजा अर्तहशश्तने हुकूम काढला ते वर्ष. २,३०० मधून ४५७ वजा केले की १८४३ येतात. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनाच्या वेळचा अग्नी, असा अर्थ त्याने लावला. १८१८ मध्येच तो या निष्कर्षाला पोहोचला होता: अजून साधारण २५ वर्षं.

पुढची तेरा वर्षं त्याने जाहीर उपदेश केला नाही. तो पुन्हा पुन्हा हिशेब तपासत राहिला. पहिलं जाहीर प्रवचन झालं ते ऑगस्ट १८३१ मध्ये, शेजारच्या ड्रेस्डेन गावात.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. मिलरची चूक पद्धतीच्या ढिलाईत नव्हती. पद्धत काटेकोर होती. अडचण होती गृहीतकांत: दिवस म्हणजे वर्ष, सुरुवात अमुक साली, पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी. त्या काळच्या वाचकाला ही गृहीतकं विचित्र वाटत नव्हती, म्हणूनच शिकलेली, विचारी माणसंही त्याच्यामागे गेली.

एक शेतकरी, एक संपादक आणि एक मोठा तंबू

मिलर एकटा असता तर ही गोष्ट आसपासच्या गावांपलीकडे गेली नसती. १८३९ मध्ये त्याची गाठ बॉस्टनचा पाळक जोशुआ हाइम्स याच्याशी पडली. हाइम्सकडे संघटन होतं आणि छापखान्याची ताकद त्याला कळत होती. मार्च १८४० मध्ये त्याने बॉस्टनमध्ये 'साइन्स ऑफ द टाइम्स' हे नियतकालिक सुरू केलं. १८४२ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये 'द मिडनाइट क्राय' आलं. त्याच वर्षी चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी एक मोठा तक्ता बनवला. दानीएल आणि प्रकटीकरणातले प्राणी, पुतळा आणि वर्षांची बेरीज, सगळं एका कापडावर. वक्ता तो तक्ता टांगायचा आणि गणित लोकांसमोर सोडवून दाखवायचा. १८४२ च्या उन्हाळ्यापासून मोकळ्या मैदानात अनेक दिवस चालणारे मेळे भरू लागले. त्यासाठी हजारो माणसं मावतील असा एक प्रचंड तंबूही शिवून घेतला होता.

पार्श्वभूमी विसरू नका. १८३३ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी उल्कांचा विलक्षण वर्षाव पाहिला होता. १८३७ च्या आर्थिक संकटात बँका बुडाल्या होत्या. मार्च १८४३ मध्ये दिवसाढवळ्या दिसेल इतका तेजस्वी धूमकेतू आला. पण 'संकट आलं म्हणून लोक शेवटाकडे वळले' हे स्पष्टीकरण फार सोपं आहे. संकट सगळ्यांवर होतं, मिलराइट मात्र काहीच झाले. त्यांची संख्या ५० हजार होती असं नेहमी लिहिलं जातं. हा अंदाज आहे, मोजणी नाही. तो थिसिसमध्ये वापरायचा तर 'अंदाज' हा शब्द सोडू नका.

तारीख सरकते

मिलर नेमका दिवस सांगायला तयार नव्हता. फारच आग्रह झाल्यावर त्याने एक मुदत दिली: २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४. ती संपली. मिलरने आपला हिशेब चुकला हे जाहीरपणे मान्य केलं, पण आगमन जवळच आहे हा विश्वास सोडला नाही.

आता मत्तयच्या शुभवर्तमानातला दहा कुमारींचा दाखला पुढे आला. वराला यायला उशीर होतो, दहाही जणींना झोप लागते, मध्यरात्री हाक येते. ज्यांनी दिव्यांसाठी जादा तेल घेतलेलं असतं त्या आत जातात आणि बाकीच्यांसाठी दार बंद होतं. मिलराइटांना वाटलं, आपण याच उशिराच्या काळात आहोत. म्हणजे उशीर झाल्यामुळे श्रद्धा मोडली नाही. उशीर हाही कथेचाच भाग ठरला.

ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटरच्या मेळ्यात सॅम्युअल स्नो याने नवी मांडणी केली. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून २,३०० वर्षं १८४४ मध्ये पूर्ण होतात. आणि दिवस? यहुदी सातव्या महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. कराइट यहुद्यांच्या कालगणनेनुसार तो २२ ऑक्टोबरला येत होता. ही तारीख वणव्यासारखी पसरली. विशेष म्हणजे ती पुढाऱ्यांकडून खाली आली नाही, खालून वर गेली. मिलरने ती स्वीकारली ती ऑक्टोबर उजाडल्यावर, जेमतेम दोन-तीन आठवडे उरले असताना.

'तयार' म्हणजे काय?

हा लेखाचा गाभा आहे. ख्रिस्ती शिकवणीत शेवटच्या काळाबद्दल दोन सूचना शेजारी शेजारी आहेत. एक, जागे राहा, तो दिवस कोणालाही ठाऊक नाही. दुसरी लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यातली: धनी परदेशी जाताना नोकरांना मोहरा देतो आणि येईपर्यंत व्यापार करा असं सांगतो. म्हणजे वाटही बघा आणि हातातलं कामही सोडू नका. तारीख ठाऊक नसते तेव्हा या दोन्ही सूचना सुखाने नांदतात. तारीख ठरली की त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात.

न्यू इंग्लंडमधला एक साधा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर आहे, बटाटे जमिनीत आहेत. काढले तर शेजारी म्हणणार, तुझाच विश्वास नाही, मग आम्हाला कशाला सांगतोस? न काढावेत आणि तो दिवस असाच गेला, तर हिवाळ्यात मुलांना खायला काय? त्याच्या हातातलं कुदळ उचलणंही आता साक्ष झालं होतं. श्रद्धा मनात ठेवायची सोय उरली नव्हती.

बहुतेकांच्या तयारीत पिकापेक्षा मोठा भाग नातेसंबंधांचा होता. कर्ज फेडणं, चुकवलेला पैसा परत करणं, जुनी भांडणं मिटवणं, पापांची कबुली, बाप्तिस्मा, ज्यांना अजून सांगितलं नाही अशा नातेवाइकांना पत्रं. छापखाने शेवटच्या आठवड्यांत अखंड चालू होते. तक्ता बनवणाऱ्या चार्ल्स फिचने बफेलोजवळ थंड वाऱ्यात एकामागून एक गटांना बाप्तिस्मा दिला, तापाने आजारी पडला आणि १४ ऑक्टोबरला वारला, त्या दिवसाच्या आठ दिवस आधी. त्याच्या घरच्यांना वाटत होतं की आठवड्याभरात पुन्हा भेट होणार आहे. असं एक उदाहरण नीट वाचलं की 'भोळे' हा शब्द आपोआप गळून पडतो.

साधनांचा पेच: झगे, वेड आणि बटाटे

आता कामाचा भाग. मिलराइटांबद्दलच्या तीन प्रसिद्ध गोष्टी घेऊ आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारू: हे कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिलं?

पहिली गोष्ट, पांढऱ्या झग्यांची. मिलराइट पांढरे झगे घालून टेकड्यांवर, छपरांवर चढून बसले होते, असं अजूनही सांगितलं जातं. झग्यांची थट्टा वर्तमानपत्रांत त्या काळातही होती, पण तिला भक्कम रूप मिळालं ते १९२४ मध्ये, क्लारा एंडिकॉट सीअर्स यांच्या 'डेज ऑफ डिल्यूजन' या पुस्तकाने. सीअर्स यांनी लोकांना आवाहन करून आठवणी गोळा केल्या होत्या. म्हणजे घटनेला ८० वर्षं होत आलेली आणि सांगणारे मुख्यतः आजी-आजोबांकडून ऐकलेलं सांगणारे. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोल यांनी 'द मिडनाइट क्राय' या पुस्तकात या गोष्टी एकेक करून तपासल्या आणि झग्यांना विश्वासार्ह पुरावा नाही असं दाखवलं. पण निकोल स्वतः अ‍ॅडव्हेंटिस्ट होते आणि आपल्या पूर्वजांचा बचाव करत होते. म्हणून त्यांचा निष्कर्ष टाकून द्यायचा का? नाही. हेतू ओळखायचा आणि पुरावा वेगळा तपासायचा. पुढच्या तटस्थ इतिहासकारांनीही झग्यांच्या बाबतीत साधारण तोच निर्वाळा दिला.

दुसरी गोष्ट, वेडाची. त्या वर्षांच्या मनोरुग्णालयांच्या अहवालांत आजाराचं कारण म्हणून 'मिलरिझम' असं खरोखर नोंदलेलं आढळतं. हे अस्सल, समकालीन, सरकारी थाटाचं साधन. मग प्रश्न मिटला का? 'कारण' हा रकाना कसा भरला जायचा ते बघा. रुग्णाला घेऊन येणारे नातेवाईक काय सांगतात यावर आणि डॉक्टरांच्या त्या वेळच्या समजुतीवर. 'धार्मिक उत्तेजना' हे कारण मिलरच्या आधीपासून या यादीत होतं. म्हणजे या नोंदीवरून मिलराइट वेडे होत होते हे सिद्ध होत नाही. त्यांच्या वागण्याकडे कुटुंब आणि डॉक्टर कसे बघत होते हे मात्र नक्की कळतं. साधन तेच, पण त्याला विचारायचा प्रश्न बदलला.

तिसरी गोष्ट आतल्या गोटातली, म्हणून ती जास्त जपून वाचायची. अ‍ॅडव्हेंटिस्ट परंपरेत सांगतात की न्यू इप्सविचच्या लिओनार्ड हेस्टिंग्ज या शेतकऱ्याने बटाटे जमिनीतच ठेवले. शेजाऱ्यांनी काढलेले बटाटे रोगाने सडले, हेस्टिंग्जचे उशिरा काढलेले चांगले राहिले आणि भाव चांगला मिळाला. त्या काळात त्या भागात बटाट्यावर रोग होता हे खरं आहे, त्यामुळे गोष्ट अशक्य नाही. पण तिची घडण बघा. श्रद्धेची परीक्षा, लोकांची थट्टा आणि शेवटी बक्षीस. झग्यांची गोष्ट विरोधकांना हवी तशी आहे, बटाट्यांची गोष्ट अनुयायांना हवी तशी. एकीवर संशय घ्यायचा आणि दुसरी तशीच उचलायची, असं करता येत नाही.

हायरम एडसनच्या बाबतीतही हेच. २३ ऑक्टोबरच्या सकाळी मक्याच्या शेतातून जाताना त्याला कोडं उलगडलं असं तो लिहितो. त्या रात्रीच्या रडण्याचं त्याचं वर्णन पुस्तकांत सगळ्यांत जास्त वापरलं जातं. पण ते हस्तलिखित त्या सकाळी लिहिलेलं नाही, बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं आहे, जेव्हा त्या 'उलगड्या'वर एक पंथ उभा राहिलेला होता.

मग पुढे काय झालं?

समाजशास्त्रात लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांचं १९५६ चं 'व्हेन प्रॉफेसी फेल्स' हे पुस्तक गाजलं. भाकीत फसलं की अनुयायी उलट जास्त जोमाने प्रचार करतात, असा त्यांचा मुद्दा आणि त्यांच्या ऐतिहासिक उदाहरणांत मिलराइट होते. आपण वर पाहिलेल्या क्रमाशी हे ताडून बघा. मार्च १८४४ नंतर जोम वाढला, हे बरोबर बसतं. पण ऑक्टोबरनंतर बहुतेक लोक पांगले. काही जुन्या चर्चमध्ये परतले, काहींनी धर्मच सोडला. एप्रिल १८४५ मध्ये ऑल्बनीला परिषद झाली, तिथे मिलर आणि हाइम्स यांच्या गटाने आगमनावरचा विश्वास कायम ठेवला आणि नव्या मांडण्यांपासून अंतर ठेवलं. एकच सिद्धान्त एकाच आंदोलनाच्या दोन निराशांना सारखा लागू पडत नाही. उदाहरण सिद्धान्तात बसवण्याची घाई नको, ती यासाठी.

एका छोट्या गटाने मात्र वेगळा अर्थ लावला: तारीख बरोबर होती, घटना वेगळी होती. पवित्रस्थान पृथ्वीवरचं नसून स्वर्गातलं, आणि ख्रिस्ताने त्या दिवशी तिथल्या सेवेचा शेवटचा टप्पा सुरू केला. यातून १८६३ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च संघटित झालं. सभासद सुमारे ३,५००. आगमन जवळ आहे हा विश्वास कायम, पण नवी तारीख नाही.

तारीख गेली आणि तयारी उरली. तीन वर्षांत या लोकांनी बॅटल क्रीकला आरोग्यसंस्था काढली, पुढे शाळा, छापखाने, दवाखाने. या धाग्याचं एक टोक आपल्या पुण्यात आहे. १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झालेली त्यांची प्रशिक्षणशाळा १९४२ मध्ये पुण्यात आली. भारतात काम केलेल्या विल्यम स्पायसर या मिशनऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ती संस्था आज औंध भागात विद्यापीठ म्हणून उभी आहे. जग लवकरच संपणार असं मानणारी माणसं पुढच्या पिढ्यांसाठी इमारती का बांधतात, हा विनोद नाही, रिसर्चचा उत्तम प्रश्न आहे. खुद्द मिलरनेही १८४८ मध्ये लो हॅम्प्टनला आपल्या घराजवळ एक छोटं प्रार्थनामंदिर बांधून घेतलं आणि पुढच्याच वर्षी तो वारला. मोहरांच्या दाखल्यातली सूचना, धनी येईपर्यंत व्यापार करा, तारखेच्या दडपणातून सुटल्यावर पुन्हा मोकळी झाली होती, असं मला वाटतं.

आपल्या कामासाठी

तुमचा विषय सत्यशोधक चळवळ असो, गिरणी संप असो की एखादी फसलेली सहकारी संस्था, शेवट माहीत असल्याचा त्रास तुम्हालाही होणार आहे. एक साधी सवय लावून घ्या. साधनांची यादी करताना निर्णायक घटनेच्या आधीची आणि नंतरची साधनं दोन वेगळ्या वह्यांत किंवा फाइलींत ठेवा. पहिलं प्रकरण फक्त आधीच्या वहीतून लिहून बघा. तिथल्या माणसांसमोर अजून दोन्ही वाटा खुल्या असतात आणि ती माणसं त्या अनिश्चिततेत निर्णय घेत असतात. नंतरची वही उघडाल तेव्हा प्रत्येक साधनाला विचारा: सांगणाऱ्याला शेवट माहीत होता का, आणि त्यामुळे त्याने काय गाळलं, काय रंगवलं?

मिलराइटांना आपण चूक ठरवू शकतो. ते सोपं आहे, कॅलेंडरने ते काम आधीच केलं आहे. बटाटे काढायचे की नाही या प्रश्नापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्याच्या मंगळवारपर्यंत समजून घेणं हे अवघड आहे, आणि इतिहासकाराचं काम तेच आहे.